शेठच्या दातांचा ठराव

आमच्या सोसायटीच्या ठराव-रजिस्टरात माझ्याबद्दल एक वाक्य लिहिलेलं आहे. गुजरातीत, निळ्या शाईत, आणि खाली माझी सही. ते वाक्य खोटं असतं तर मी कोर्टात गेलो असतो. ते खरं आहे, हीच सगळी बोंब आहे. दर वर्षीच्या सभेत जुने ठराव मोठ्याने वाचायची आमच्याकडे पद्धत आहे, म्हणजे हे वाक्य दर वर्षी वाचलं जाणार, मी मेल्यावरसुद्धा. त्या वाक्याच्या मागे काय काय घडलं तेही रजिस्टरात लिहा म्हटलं, तर जागा नाही म्हणाले. ठीक आहे. माझ्याकडे वही आहे.

मी लोटू पाटील. सुरतेत लोटुभाई. एकतीस वर्षं कापड मार्केटात ग्रे कापड तपासतो. ग्रे म्हणजे मागावरून नुसतं उतरलेलं, न धुतलेलं, न रंगवलेलं कापड. त्यातला तुटका धागा मी डोळे मिटून बोटाने सांगतो. मालकांना मालातलं जे काही कळतं ते माझ्यामुळे कळतं, तरी ते शेठ आणि मी लोटुभाई. म्हणून घरी कुत्रा आला तेव्हा त्याचं नाव मी शेठ ठेवलं. दिवसभर "हो शेठ, आलो शेठ" करून घरी यायचं आणि दारातच ओरडायचं, "शेठ, खाली बस! शेठ, लाज वाटते का काही?" हे औषध कुठल्या डॉक्टरकडे मिळत नाही.

शेठ गावठी आहे. बदामी रंग, एक कान पडलेला. नाव मी ठेवलं, पण कुत्रा खरा माझ्या मायचा. माय म्हणजे धुरपदाबाई, वय अठ्ठ्याहत्तर, भाषा अहिराणी आणि फक्त अहिराणी. आधी सुरतेतल्याच उधन्याला होतो तेव्हा गल्लीभर खान्देशातली माणसं, मायचं तोंड सकाळपासून चालू. पर्वत पाटिया भागात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि मायची भाषाच बंद पडली. बाया गुजराती, मारवाडी. सून, म्हणजे आमची उज्ज्वला, ब्लाउजच्या मशिनीवर मान मोडेपर्यंत. राहिला शेठ. माय त्याला भाऊबंदकी सांगते, कोणाच्या लग्नात कोण रुसलं ते सांगते, आणि शेठ मान तिरकी करून ऐकतो. अख्ख्या सोसायटीत अहिराणी कळणारा तो एकटाच. तो गेला असता तर माय मुकी झाली असती. हे आम्ही नवरा-बायको कधी बोललो नाही, पण दोघांना माहीत होतं.

आता लिफ्ट. लिफ्टमध्ये सात माणसं आणि शेठ. शेठने जांभई दिली. एवढंच. चावला नाही, भुंकला नाही. पण त्या जांभईतून जे बाहेर आलं त्याचं मी खोटं वर्णन करणार नाही. पहिल्या मजल्यावर चार माणसं उतरली, त्यातली तीन पाचव्या मजल्यावर राहतात. आमचे सेक्रेटरी किरीटभाई, धंद्याने सुताचे दलाल, रुमाल नाकाला लावून म्हणाले, "लोटुभाई, आ कूतरुं छे के खुल्ली गटर?"

दुसऱ्या दिवशी दारावर नोटीस. त्यात लिहिलं होतं: आपल्या कुत्र्याच्या मुखातून असह्य दुर्गंध येतो. आठ दिवसांत उपाय करावा, अन्यथा जनावर सोसायटीबाहेर काढावं.

मी लगेच लेखी उत्तर केलं. की सोसायटीच्या नियमांत पार्किंग आहे, पाण्याची टाकी आहे, ओले कपडे आहेत, तोंड कुठेही नाही. आणि तोंडाचा नियम करायचाच असेल तर लिफ्टमध्ये मावा खाऊन उभे राहणाऱ्यांपासून सुरुवात करा, नावं सोबत जोडली आहेत. उज्ज्वलेने ते उत्तर वाचलं, चार तुकडे केले आणि कचऱ्यात टाकले.

"अहो, कुत्रा वाचवायचाय की फ्लॅट विकायचाय?"

"मग काय, पाया पडू?"

"नाही तर चलथाणला माझ्या भावाकडे सोडून येऊ त्याला. साखर कारखान्याजवळ मोकळी जागा आहे, राहील सुखाने."

आतल्या खोलीतून मायचा आवाज आला, "माले बी तठेच सोडी ये मंग."

चलथाणचा विषय तिथेच संपला. उरले दात.

सोसायटीत शेठला राहू द्यायला कोणी तयार नव्हतं, पण सल्ला द्यायला सगळे तयार. पाचव्या मजल्यावरचे म्हणाले, तुरटीच्या पाण्याने चूळ भरवा. कुत्र्याला चूळ! मी म्हटलं, तुम्ही एकदा भरवून दाखवा, मी शिकतो. वॉचमन म्हणाला, बाभळीचं दातण द्या. दिलं. शेठने ते जिन्यात पुरायचा प्रयत्न केला आणि फरशीवर नखं घासून घासून दमला. मायने स्वतःच्या मिसरीची डबी काढली आणि जळक्या तंबाखूने काळं झालेलं बोट त्याच्या तोंडाजवळ नेलं. "दोन दिनमा वास चालना जाई," म्हणाली. मी तो हात वरच्या वर धरला. घरात एक मिसरीवाली पुरे आहे. मग मी माझा जुना ब्रश घेतला आणि त्याच्यासमोर उकिडवा बसलो. मी वरचे दोन दात घासले. उरलेला वेळ शेठने ब्रश खाल्ला.

शेवटी उधन्याच्या जनावरांच्या डॉक्टरकडे रिक्षाने गेलो. डॉक्टर तरुण होता, हसऱ्या चेहऱ्याचा. शेठचा ओठ वर करून म्हणाला, "काका, दगड चढलाय दातांवर. माणसांची पेस्ट लावू नका. वास कमी झाला नाही तर भूल देऊन साफ करावं लागेल. तोपर्यंत हे चघळायला द्या." आणि त्याने एक पिवळट कांडी काढली. बोटाएवढी जाड, वितीएवढी लांब, लाकडासारखी कडक. म्हणाला, ही दुधाची आहे. डोंगरातल्या याकच्या दुधाचं चीज करून, दाबून, महिनोन् महिने वाळवतात. किंमत ऐकून मला वाटलं, त्यापेक्षा याक घेतलेला बरा. पुढे तो भिजवण्याचं आणि उरलेल्या तुकड्याचं काहीतरी सांगत होता. ते उज्ज्वलेने ऐकलं. मी किमतीवरच अडकलो होतो.

पण खरं सांगायचं तर कांडीने काम केलं. शेठ गॅलरीत पुढच्या दोन पायांत ती धरून तासन् तास कुरतडायचा. आठव्या दिवशी किरीटभाई मुद्दाम लिफ्टमध्ये आले, शेठच्या तोंडाशी वाकले, हुंगले आणि म्हणाले, "चालशे." मी घरी येऊन दोन कप चहा प्यालो. इतका आनंद मला फ्लॅटचा दस्त झाला तेव्हाही झाला नव्हता.

तो आनंद दीड दिवस टिकला.

आमच्या खाली दुसऱ्या मजल्यावर चंचलबा राहतात. वय मायएवढंच, दात एकही नाही, कांदा-लसणाचा वाससुद्धा चालत नाही, आणि दारात रोज रांगोळी. मंगळवारी सकाळी शेठ मायच्या हातातून सुटला, जिना उतरला आणि आपली अर्धी चघळलेली, लाळेने चकाकणारी कांडी त्याने चंचलबांच्या रांगोळीच्या बरोब्बर मध्यावर ठेवली. का ठेवली ते त्यालाच माहीत. मला वाटतं त्याने भेट दिली. चंचलबांनी दार उघडलं आणि त्यांची किंकाळी पार्किंगपर्यंत गेली.

"हाय हाय! हाडकुं!"

आमची सोसायटी शाकाहारी आहे. फ्लॅट घेताना ते लिहून घेतात. आम्हा खान्देशी माणसांकडून तर जरा जास्तच वेळा लिहून घेतात. आमच्या घरात मसाला भाजला की मजल्यावर कुजबुज होते, आणि आत असतात वांगी. सात वर्षं मी मटण खायचं झालं तर उधन्याला भाच्याकडे जाऊन, खाऊन, हात धुऊन, वर बडीशेप खाऊन परत येतो. सात वर्षं सांभाळलेली अब्रू कुत्र्याने एका रांगोळीवर ठेवली.

दुसरी नोटीस आली. रविवारी सकाळी दहा वाजता पार्किंगमध्ये तातडीची सभा. खोराक, म्हणजे कुत्र्याचं खाणं, शाकाहारी असल्याचा पुरावा आणावा, नाहीतर त्याच दिवशी कुत्रा बाहेर.

पुरावा! मी पाकीट घेऊन किरीटभाईंकडे गेलो. पाकिटावर शिंगंवाल्या केसाळ जनावराचं मोठं चित्र. किरीटभाई चष्मा वर करून म्हणाले, "आमां तो जनावर छे."

"अहो, दुधाच्या पिशवीवर पण म्हैस असते!"

"हिरवा ठिपका क्यां छे?"

हिरवा ठिपका नव्हता. मी डॉक्टरला फोन केला, लिहून द्या म्हटलं. तो म्हणाला, मी कुत्र्याबद्दल लिहून देऊ शकतो, कांडीबद्दल नाही. मग अर्ध्या दिवसाची रजा टाकून एका सरकारी कचेरीत गेलो, जिथे खाण्याचे पदार्थ तपासतात. खिडकीतल्या साहेबाने विचारलं, "कौन खाता है?" मी म्हटलं, कुत्रा. "हमारे यहाँ सिर्फ आदमी का खाना।" तिथून जनावरांच्या कचेरीत गेलो. तिथले साहेब म्हणाले, "जानवर लाए हो? ये तो खाना है।" म्हणजे आदमीवाले म्हणतात जनावराचं, जनावरवाले म्हणतात खाण्याचं, आणि मध्ये मी, हातात कांडी घेऊन, सुरतेच्या उन्हात. देशात प्रत्येक वस्तूला एक खिडकी आहे म्हणतात. ती सगळी थाप आहे.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. चाळीसेक माणसं. पुढे टेबल, टेबलावर रजिस्टर. पहिल्या रांगेत चंचलबा पदराने नाक झाकून. माय शेठला घेऊन खांबाशी उभी होती, दोरी हाताला दोनदा गुंडाळलेली. सभेतलं एक अक्षर तिला कळत नव्हतं, तरी ती सगळ्यांची तोंडं बघत होती. शेठला मात्र सगळं कळत असावं, कारण तो झोपला होता.

किरीटभाई म्हणाले, "लोटुभाई, पुरावो?"

आणि मला ती बुद्धी सुचली. सुरतेच्या बाहेर ती कोणाला सुचली नसती.

आमच्या धंद्यात धाग्यावर शंका आली की आम्ही धागा जाळतो. सुती असेल तर कागद जळाल्यासारखा वास आणि भुरभुरीत राख. पॉलिस्टर असेल तर वितळून काळा मणी होतो. रेशीम किंवा लोकर असेल तर केस जळाल्याचा वास येतो, कारण ते जनावराच्या अंगचं. वास कधी खोटं बोलत नाही, हे मी एकतीस वर्षं दुसऱ्यांना शिकवत आलो. पार्किंगमध्ये बसलेला प्रत्येक जण कापडातला होता. कोणाचं एम्ब्रॉयडरीचं मशिन, कोणाची साडीची पेढी, किरीटभाई सुताचे दलाल. मी उभा राहिलो.

"काडी लावून बघू! हाडाची असेल तर केस जळाल्याचा वास येईल. दुधाची असेल तर दूध उतू गेल्याचा. तुम्हा सगळ्यांची नाकं आहेत. नाकांनी निकाल द्यावा!"

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. किरीटभाई म्हणाले, "आ वात बराबर." सात वर्षांत पहिल्यांदा ह्या सोसायटीने मला कामाचा माणूस मानलं. मी कांडीची ढलपी काढली, चिमट्यात धरली, भाषण करत सगळीकडे फिरवून दाखवली आणि काडी ओढली.

धूर आला. मी सगळ्यांच्या आधी हुंगला.

केस. न्हाव्याच्या दुकानाला आग लागल्यासारखा वास.

चाळीस नाकं एकदम वर झाली. चाळीस जाणकार, पिढीजात, धंद्यात मुरलेली नाकं. निकालाची पद्धत मी ठरवलेली, वास मी ओळखलेला, आणि माझ्याच तोंडावर लिहिलेलं होतं. (नंतर डॉक्टरने फोनवर पाच मिनिटं हसून समजावलं की दूधही जनावराच्याच अंगचं, त्यामुळे वाळवलेलं दूध जाळलं की लोकरीसारखाच वास येतो. हे तो आधी बोलला असता तर त्याचं काय जात होतं?)

किरीटभाईंनी पेनचं टोपण काढलं. "तो पछी ठराव लखीए..."

मायने शेठची दोरी आणखी एक वेढा गुंडाळली. तिला भाषा कळली नाही, पण पेन कळलं.

माझं डोकं सटकलं. "थांबा! हाड आहे म्हणता ना? माळ घालणाऱ्या बापाचा मुलगा आहे मी. हाड असतं तर मी तोंडात घेतलं असतं का?" तोंडात अजून घेतलं नव्हतं, पण वाक्य निघून गेलं होतं. मागोमाग कांडी तोंडात गेली.

माय ओरडली, "नको रे भाऊ, तुना दात कुत्रासारखा नईत!"

मी दाढेखाली धरून पूर्ण ताकदीने चावलो. कडाड् असा आवाज झाला. मला वाटलं, फोडली! मी विजयाने तोंड उघडलं, आणि एक पांढरा तुकडा टपकन रजिस्टरवर पडला.

किरीटभाई उडून उभे राहिले. "जुओ! जुओ! हाडकुं नीकळ्युं!"

"ते माझं आहे," मी म्हणालो.

सगळे वाकून बघायला लागले. कांडीवर माझ्या दातांचा ओरखडाही नव्हता. माझ्या दाढेचा अर्धा भाग रजिस्टरवर, मागच्या वर्षीच्या पाण्याच्या टाकीच्या ठरावावर पडला होता. मागून कोणीतरी म्हणालं, "हवे आ शाकाहारी के मांसाहारी?" मी बोलणारा शोधत होतो, पण डोळ्यांत पाणी होतं.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि उज्ज्वला ताटली घेऊन बाहेर आली. माझं भाषण सुरू झालं तेव्हाच ती वर निघून गेली होती. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, माझं भाषण कुठे जातं ते तिला माहीत आहे. ताटलीत कुरमुऱ्यासारखे फुगलेले, सोनेरी, पोकळ तुकडे.

"डॉक्टर सांगत होते तेव्हा हे किंमत ऐकून बसले होते," ती सभेला म्हणाली. "कांडी भिजवून द्यायची. लहान तुकडा उरला की ओव्हनमध्ये फुगवायचा. ही नवी कांडी आहे, उष्टी नाही. घ्या, वास घ्या."

कोण घेणार? सगळे मागे सरकले. मग माय पुढे आली. एका हातात दोरी, त्यामुळे मागोमाग शेठही. तिने एक तुकडा उचलला, तोंडात टाकला, बोळक्यात घोळवला आणि दुसरा तुकडा सरळ चंचलबांसमोर धरला.

"खाय व माय. दूधनं शे."

दोन म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. सात वर्षं एकीच्या डोक्यावर दुसरी राहते, एक शब्द बोलणं नाही. चंचलबांनी नाकावरचा पदर काढला. तुकडा हुंगला. परत हुंगला. बोटाने मोडला, कुर्रकन मोडला. आणि कोणाला काही कळायच्या आत तोंडात टाकला.

डोळे मिटून त्यांनी तो जिभेवर घोळवला.

"अरे," चंचलबा म्हणाल्या, "आ तो घीनुं कीटुं!"

कीटुं म्हणजे लोणी कढवल्यावर भांड्याच्या तळाला राहते ती बेरी. आपल्याकडे साखर घालून पोरांना देतात ती. चंचलबांनी आयुष्यभर घरचं तूप कढवलंय. त्या म्हणाल्या दूध, म्हणजे दूध. चाळीस नाकं एका बोळक्यापुढे गप्प झाली. मग ताटली फिरली. किरीटभाईंनी दोन तुकडे खाल्ले आणि हळूच विचारलं, "मसालावाळुं आवे छे?" शेठ ताटलीकडे बघत होता. त्याला एकही मिळाला नाही.

ठराव लिहिला गेला. मराठीत त्याचा अर्थ असा: सभासदश्री लोटुभाई यांनी कुत्र्याचा खोराक सभेसमोर स्वतः चावून दाखवला असून खोराक शाकाहारी सिद्ध झाला आहे. कुत्र्यास राहू द्यावं.

"'स्वतः चावून दाखवला' एवढं काढा," मी गालावर हात धरून म्हणालो.

"सही करो, लोटुभाई. सही वगर ठराव अधूरो."

मी पेन धरून उभा राहिलो. एकतीस वर्षांची इभ्रत एका बाजूला. दुसऱ्या बाजूला खांबाशी माय, खाली वाकून शेठच्या पडलेल्या कानात काहीतरी सांगत होती आणि तो मान तिरकी करून ऐकत होता. मी सही केली. दात पुसून खिशात टाकला.

दातांच्या डॉक्टरने विचारलं, काय चावलं होतं? मी म्हटलं, सुपारी. आयुष्यात सुपारीला हात न लावलेल्या माणसाच्या कागदावर त्याने मोठ्या अक्षरात लिहिलं: सुपारी सोडा. दाढ सुजली होती, म्हणून आठवडाभर ना घासता येत होतं, ना धड चावता.

त्या आठवड्यात रोज दुपारी दुसऱ्या मजल्यावर दोन म्हाताऱ्या पाटावर बसून शेठची कांडी फुगवून खाऊ लागल्या. एक अहिराणीत बोलते, एक गुजरातीत, एकीचं दुसरीला कळत नाही आणि दोघी तास तास हसतात. शेठ मध्ये पडून असतो. त्याचे दात आता जाहिरातीत घालावे असे आहेत.

शनिवारी लिफ्टमध्ये सात माणसं, मी आणि शेठ. शेठने जांभई दिली. कोणी नाकाला रुमाल लावला नाही. मला बरं वाटलं. मी सुजलेल्या गालाने म्हटलं, "बघा किरीटभाई!" आणि सगळ्यांचे रुमाल निघाले.

दुसऱ्या दिवशी दारावर नोटीस. जुन्या नोटिशीची झेरॉक्स होती. 'कुत्र्याच्या' एवढा शब्द खोडून वर माझं नाव लिहिलं होतं. शेवटची ओळ खोडायचं राहून गेलं होतं: आठ दिवसांत उपाय करावा, अन्यथा जनावर सोसायटीबाहेर काढावं.

उज्ज्वलेने नोटीस दोनदा वाचली, घडी घातली आणि म्हणाली, "चलथाणला माझा भाऊ आहेच."

मी आतल्या खोलीकडे बघत थांबलो. तिकडून काही आवाज आला नाही. माय चंचलबांकडे गेली होती.